उशाचे खूर, पायथ्याचे खूर

दादर सोडलं तेव्हा माझ्या ट्रंकेत चार पातळं, एक लोकरीची शाल आणि एकवीस फिकट रंग होते. रंग म्हणजे कागदाच्या लांब पट्टीवर मी स्वतः लावलेले चौकोन. मोतिया, राखी, दुधाळ पिस्ता, कच्च्या बदामाचा, आणि असेच आणखी काही, ज्यांना नावं देतादेता माझीच दमछाक झाली होती. एका फर्निचरच्या दुकानात मी नोकरी करते. भिंतीला कोणता रंग द्यावा, त्याच्याशी पडदा कोणता जाईल, खुर्चीची गादी कसली असावी, हे गिऱ्हाइकांना सांगायचं, एवढंच माझं काम. आमच्या नातेवाइकांत याला नोकरी म्हणायला अजून कोणी तयार नाही. कुमुदला लोकांच्या घरात नाक खुपसण्याचा पगार मिळतो, असं माझे थोरले दीर म्हणतात.

दुकानाचे मालक परदेशातलं एक प्रदर्शन पाहून आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे सगळं बुटकं आणि सगळं फिकट. दोन खोल्यांच्या नव्या ब्लॉकांसाठी त्यांनी एक दिवाण आखला. दिवसा बसा, रात्री झोपा. त्याला यंत्रावर कातलेले, पॉलिश केलेले पाय लावायचे ठरत होते, तेव्हा मी मध्येच तोंड घातलं. चांद्याला माझी मावसबहीण मालूताई राहते. तिच्या घरच्या खाटेला लाखेनं रंगवलेले खूर (म्हणजे पाय) मी लग्नाआधी पाहिले होते. लाखेचा रंग लाकडावर बसतो तो ब्रशनं दिलेल्या रंगासारखा वर राहत नाही, लाकडात शिरतो. तसे खूर करून घेतले, फक्त रंग आपले फिकट दिले, तर काय बहार येईल, असं मी म्हणाले.  "आणून दाखवा. बारा दिवाणांचे," मालक म्हणाले. "नाही जमलं तर तुमचं डोकं पुन्हा पडद्यांच्या काउंटरवर." ते काउंटर म्हणजे दिवसभर उभं राहून वार मोजणं. मी माघातली रजा मांडली आणि निघाले.

वर्ध्याला गाडी बदलून चांद्याला उतरले तेव्हा सकाळ होती. मालूताईचं घर परकोटाच्या आत, आणि खाट अजून तिथंच, माजघरात. लाल, पिवळ्या आणि काळ्या कड्यांचे चार खूर. ती म्हणाली, "यात पाहायचं काय आहे? तीस वर्षं झाली, ढेकूण मारून मारून आमचे हात दुखले, पण रंग नाही गेला." करणाऱ्याचं नाव तिला पाठ होतं. लटारू खरादी, गडचिरोलीच्या पुढं, धानोऱ्याच्या वाटेवर. जिवंत आहे की नाही, ते मात्र ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं निघाले. मूल गाव मागं पडलं आणि दोन्ही अंगांना भाताची रिकामी खाचरं लागली. कापणी होऊन गेली होती. वैनगंगेपाशी मोटार थांबली, उतारू उतरले, आणि सगळ्यांनी आपापलं बोचकं डोक्यावर घेऊन डोंग्यातून पलीकडं जायचं, तिथं दुसरी मोटार उभी, अशी व्यवस्था. नदीला पाणी थोडं होतं. मी ऐटीत डोंग्याच्या टोकाशी बसले आणि रंगपट्टी मांडीवर उलगडून नदीच्या वाळूशी कोणता चौकोन जुळतो ते पाहायला लागले. डोंगा वाळूला घासला, मी पुढं गेले, पट्टी पाण्यात गेली. नावाड्यानं ती वल्ह्यानं उचलून दिली. राखी रंग मोतियात उतरला होता आणि पिस्त्याचं जे झालं होतं ते सांगण्यासारखं नाही. "कपड्याचा तुकडा होता का जी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही, रंग होते." त्यानं पट्टीकडं नीट पाहिलं आणि समजूत घालावी तसं म्हणाला, "धुतल्या गेले बाई."

गडचिरोलीला रात्रीपुरती एका शिक्षकांच्या घरी सोय झाली. सकाळी बैलगाडी ठरवली. गाडीवान देवाजी पन्नाशीचा, अंगानं काटकुळा, आणि बोलायला मिळालं म्हणजे बिडीसुद्धा न ओढणारा. सहा कोसांच्या वाटेत त्यानं मला लटारूच्या घराची सगळी हकीकत ऐकवली. माणूस जिवंत होता.

"त्याले पोरगा नाई, बाई. एक पोरगी हाये, सोनी. नवरा मेला, माघारी आली. आता थे बापाजवळच राह्यते."

"मग पुढं खराद कोण चालवणार?"

"पुतन्या हाये ना, दशरथ. वडशाले राह्यते. चार वर्सं झाले, वाट पाहून राह्यला. लटारूभाऊनं त्याले सबद देल्ला हाये. जोवर माह्या हातानं उशाचा खूर होते, तोवर खराद इथी. हात थकला का खराद तुहा."

"आणि सोनीचं काय?"

देवाजीनं बैलांना उगाच एक हाळी दिली. "मंग सोनीले काय? दुसरा पाट लावून देतील कुठीतरी. खराद गेल्यावर थे इथी राहून खाईल काय?"

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात दिवाणच होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

वाटेत एका गोंडांच्या गावात बैलांना पाणी पाजायला थांबलो. एका अंगणात एक बाई भिंत सारवत होती. खाली गुडघाभर काळा पट्टा, वर पांढऱ्या मातीची भिंत, आणि दोहोंच्या मधून बोटभर रुंदीची गेरूची रेघ. इतकं नेमकं काम, की आमच्या दुकानातले रंगारी पट्टी लावूनही असं करत नाहीत. देवाजीनं "जोहार" (त्यांचा नमस्कार) केला आणि मी काय विचारते ते तिला गोंडीत सांगितलं. काळा रंग कशाचा? भाताचं तणस जाळून, त्याची राख शेणामातीत कालवून. खालीच का? ती हसली आणि देवाजीमार्फत न बोलता थेट मलाच मराठीत म्हणाली, "लेकरं हात पुसते." तिनं पुढं सांगितलं, "अन् अंधारात भिंत कुठी सरते, ते दिसते."

तिनं मला आत बोलावलं. घराला खिडकी नव्हती. दारातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले तशी पांढरी भिंत हळूहळू उजळली, तिच्या पायथ्याची लाल रेघ उमटली, आणि तिच्यावरून खोली केवढी आहे ते कळलं. मी वाळलेली रंगपट्टी काढून तिथं धरून पाहिली. नदीनं वाचवलेल्या रंगांपैकी तिथं दोनच उरले, एक मळका आणि एक त्याहून मळका. आमच्या मालकांची परदेशी फिकी छटा म्हणजे मोठ्या खिडकीची मिजास आहे, हे मला तिथं प्रथम कळलं. जिथं उजेड उसना घ्यावा लागत नाही तिथंच फिकट रंगाचे चोचले चालतात.

लटारू खरादी गावाच्या टोकाला राहत होता. साठीचा असावा. उंच, पाठीत किंचित वाकलेला, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले. थंडी वाजत असेल असं मला वाटलं. घराला लागून एक पडवी होती आणि तिला तिन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे लावलेले होते. आत खराद (लाकूड फिरवून कातायचं यंत्र). एकानं दोरी ओढून लाकूड फिरतं ठेवायचं, दुसऱ्यानं हत्यार धरायचं. लोखंडाचं काम जेमतेम दोन खिळ्यांएवढं, बाकी सगळं लाकूड आणि दोरी.

सोनी अंगणात निखाऱ्यापाशी बसली होती. तिशीची, काळीसावळी, कपाळ कोरं, कामात इतकी गुंतलेली की मी आले तरी तिनं नुसती मान हलवली. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, तिच्यात हिंगूळ घालायचा, आणि चिक्कीच्या पाकासारखी ओढत, दुमडत, पुन्हा ओढत राहायचं. आधी मळकट तपकिरी दिसणारी लाख ओढता ओढता अशी लाल झाली, की मी "अगं बाई!" म्हणून मोठ्यानं ओरडले. हरताळानं पिवळी कांडी, काजळानं काळी. या कांड्या फिरत्या लाकडावर दाबल्या की घासून घासून तापतात, वितळतात आणि लाकडात बसतात. वरून शिंदीच्या पानाचा देठ फिरवला की चकाकी. लाकूड हळदूचं, मुळातच पिवळसर.

मी माझी पट्टी दाखवली. सोनीनं राखी रंगावर बोट ठेवलं. "हा करून पाह्यतो," ती म्हणाली, आणि पांढऱ्या मातीत चिमूटभर काजळ घालून तिनं दुपारपर्यंत एक राखी कांडी खरंच केली. हळदूच्या तुकड्यावर ती लावून पाहिली. पिवळ्या लाकडावर तो राखी रंग आजारी माणसाच्या जिभेसारखा दिसत होता. आम्ही दोघी त्याच्याकडं पाहत राहिलो. मग ती हसायला लागली, मीही हसले. पट्टी मी ट्रंकेत टाकली, आणि लाल, पिवळा, काळा, हेच घेऊन जायचं ठरवलं. मालक काय म्हणतील ते मालक म्हणतील.

पण दुसरा वाद उभा राहिला. मला चारही खूर एकसारखे हवे होते. लटारूभाऊंनी मान हलवली.

"तसं होत नाई, बाई. उशाचे दोन येगळे, पायथ्याचे दोन येगळे. उशाले तीन कडे, पायथ्याले दोन."

"पण लटारूभाऊ, आमच्या दिवाणाला उसं नाही अन् पायथा नाही. लोक बसतात त्याच्यावर."

"बसते दिवसा. रात्री झोपते ना?"

"झोपतात."

"मंग डोकं कुठीतरी टेकवनारच. आज इकडं, उद्या तिकडं, असं कसं चालन? जिथी एकानं पाय ठेवले तिथी दुसऱ्यानं डोकं ठेवाचं?"

मी बरंच घोडं दामटलं. नागपूरच्या कातारी लोकांचं नाव काढलं, दुकान फार मोठं आहे असं सुचवलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुमी जेवून घ्या." भात, लाखोळीचं वरण आणि जवसाची चटणी जेवून झाल्यावर माझा विरोध बराच मऊ पडला होता. खरं तर अंथरुणाला डोकं आणि पाय असतात ही गोष्ट मी दुकानात शिकता शिकता विसरले होते. दोन आणि दोन, असं ठरलं. नमुन्याच्या चार जोड्या समोर करून द्यायच्या, त्या पाहून मी होकार द्यायचा, बाकीचं काम ते पाठवून देणार.

मी तिथं तीन दिवस राहिले. सकाळी खराद सुरू व्हायचा. दोरीची घर्रर्र आणि हत्याराची किरकिर अंगणभर ऐकू यायची. मी आत डोकावायला गेले की सोनीचा आवाज यायचा, "बाई, आत नोका येऊ. खराद फिरते तवा कोनी येत नाई." धंद्याची गुपितं असतात, मीही माझ्या रंगांची मापं कुणाला सांगत नाही, म्हणून मी वाईट वाटून घेतलं नाही. तयार झालेले खूर ते घरात, आतल्या अंधाऱ्या खोलीत उभे करून ठेवत. तिथं मी ते पाहिले आणि मला ते अप्रतिम वाटले. काळोखात लाल कडं असं काही दिसत होतं की हात लावावासा वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दशरथ आला. वडशाहून सायकल हाणत, मुंबईची बाई काय काम घेऊन आली ते पाहायला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला चांगला. त्यानं मला नमस्कार केला, काकाच्या पाया पडला, सोनीला तिच्या तब्येतीचं विचारलं. त्याच्यात मला वाईट काही दिसलं नाही. गावातली पाच-पंचवीस माणसंही जमली होती. मुंबईला इथला माल जाणार ही बातमी देवाजीनं वाटभर सांगितली होती, आणि तो स्वतः मला न्यायला गाडी घेऊन हजर होता.

आता मी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, सगळे खूर बाहेर उन्हात आणा. आमच्या ब्लॉकांना मोठ्या खिडक्या, माल उजेडात पाहायलाच हवा. लटारूभाऊ म्हणाले, "घरातच पाहा ना जी." मी म्हटलं, नाही, उन्हातच. सोनी माझ्याकडं पाहत होती. तिला काही सांगायचं होतं हे मला दिसत होतं, पण मी रंग पाहायला लागले म्हणजे माणसांकडं माझं लक्ष राहत नाही. मी स्वतःच आत जाऊन दोन दोन खूर काढले आणि अंगणात ओळीनं मांडले.

उन्हात फरक लखलखीत दिसला. पायथ्याच्या खुरांचं काम अस्सल होतं. लाल संपतो तिथंच पिवळा सुरू, मधे केसाचीही फट नाही. उशाच्या खुरांवर मात्र लाल रंगाची कड पिवळ्यात थरथरत शिरली होती, कुठं जाड, कुठं बारीक. एका ठिकाणी काळं कडं चक्क तुटलं होतं. आई म्हणायची, कुमुदच्या जिभेला हाड नाही. मी उशाचा एक खूर उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणाले, "लटारूभाऊ, पायथ्याचे तुमच्या हातचे, ते झकास आहेत. पण हे उशाचे कुणा शिकाऊ माणसाला दिले होते का? हे चालणार नाहीत. मला सगळे तुमच्याच हातचे हवेत."

 देवाजीनं बैलाच्या शिंगाकडं पाहायला सुरुवात केली. दशरथ पुढं आला, माझ्या हातातून खूर घेतला आणि कड्यावरून नख ओढलं. मग खाली बसून पायथ्याच्या खुरावरून ओढलं. त्यानं काकाकडं पाहिलं, आणि तेव्हा मला लटारूभाऊंचे हात दिसले. उपरण्यातून बाहेर आले होते आणि दोन्ही थरथरत होते. थंडीनं नव्हे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण झालं दुसऱ्याचं. सोनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काऊन बोल्ल्या, बाई?" त्या घराची रीत मला तिनंच तिथं सांगितली. उशाचा खूर खरादी स्वतः करतो. शिकणाऱ्याला पायथ्याचेच खूर मिळतात, कितीही वर्षं. उस्तादानं एक दिवस उशाचा दिला, म्हणजे तो खरादी झाला. तट्ट्याआड तीन वर्षं ती पायथ्याचे करत होती आणि बाप दोरी ओढत होता. उशाचे मात्र तो हट्टानं स्वतः करी. गावाला वाटे, सगळं काम बापाचं, पोरगी नुसती दोरी ओढते आणि लाखेच्या कांड्या करते. अंधाऱ्या घरात कुणाला कड दिसत नव्हती. मी ती उन्हात आणली होती.

"काका," दशरथ हळूच म्हणाला, "हात गेला."

"गेला," लटारूभाऊ म्हणाले. मग जमलेल्या लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "बाई बराबर बोल्ल्या. हे उशाचे कच्चे खूर माहे हायेत. पायथ्याचे सोनीनं केले. तीन वर्सं झाले, थेच करते."

कुणीतरी "बाप्पा!" म्हणालं.

"तुमी मले सबद देल्ला होता, काका," दशरथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण तो मागं हटणाराही नव्हता.

"देल्ला होता. जोवर माह्या हातानं होते तोवर, असंच बोल्लो होतो. मी सबदाले नाई म्हनत नाई. पन तवा मले वाटे, घरात शिकनारं कोनी नाई. तूही वडशाले गेला, तुले शिकाचं नव्हतं, तुले खराद पाह्यजे होता. शिकनारं घरातच निंगालं. अन् शिकनाऱ्याले उशाचा खूर कवा द्याचा, थे उस्तादच ठरवते. तुह्या बापाले माह्या बापानं देल्ला तवा कोनाले इचारलं नव्हतं. सोने, बस."

सोनी जागची हलली नाही.

"काका, बाई मानूस? उशाचा खूर?" दशरथनं विचारलं.

"काऊन? खाटेवर डोकं काय बाप्याचंच टेकते?"

मागं उभ्या बायकांमधून एक हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. लटारूभाऊंनी पडवीचा पुढचा तट्टा काढून बाजूला टाकला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या खरादावर ऊन पडलं असावं. ते दोरीपाशी जाऊन बसले आणि दोरी हातात घेतली. ती ओढायला थरथरता हात पुरतो. सोनी पदर खोचून हत्याराच्या बाजूला बसली. तिनं हळदूचा ओंडका लावला. खूर कातून झाला, मग लाल कांडी टेकवली. पहिलं कडं, दुसरं, आणि मग तिसरं, जे तिनं आजवर कधी लावलेलं नव्हतं. तिसऱ्या कड्याला तिनं श्वास धरलेला मला दिसला, आणि खरं सांगायचं तर मीही धरला होता. माझे दिवाण, माझं काउंटर, काही आठवत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की देवा, या बाईची कड चुकू देऊ नकोस.

खूर गरम असतानाच दशरथनं मागून घेतला. तिन्ही कड्यांवरून त्यानं नख ओढलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. उन्हात फिरवून पाहिला. लोक वाट पाहत होते.

"नख अटकत नाई," तो म्हणाला. खूर त्यानं काकाच्या हातात न देता सोनीच्या हातात दिला. मग सायकल घेतली आणि चहाला न थांबता गेला. तो रागावून गेला की नुसता गेला, मला आजही सांगता येणार नाही.

निघताना मी लटारूभाऊंची माफी मागितली.  ते म्हणाले, "तुमी काय केलं जी? उन्हात नेलं. तीन वर्सं झाले, मलेच न्याचं होतं."  गाडी हलल्यावर सोनीनं धावत येऊन लाल कांडीचा एक तुकडा माझ्या हातात कोंबला, अजून कोमट होता.

परतीच्या वाटेवर देवाजीनं दोन बिड्या ओढल्या. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्या मुंबईले असं कोनाचंही उन्हात नेऊन पाह्यते काय?" मी म्हटलं, रोज. तेच आमचं काम.

मुंबईला आल्यावर मालकांना नमुन्याच्या जोड्या दाखवल्या. अर्थातच सोनीच्या हातच्या. मी निघायच्या आधी तिनं उशाचे उरलेले खूर त्याच दिवशी पुरे करून दिले होते. फिकट रंगाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. वैनगंगेत गेले, असं मी खरंच सांगितलं. त्यांनी खूर दिवाणाला लावून पाहिले, वर साधी कोऱ्या सुताची चादर घातली, चार पावलं मागं गेले, आणि "ठीक आहे, मागवा," म्हणाले. आमच्या मालकांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही.

माल चैत्रात आला. तणसात गुंडाळलेले, खोक्यात नीट रचलेले खूर, वर कुणाकडून तरी लिहून घेतलेली दोन ओळींची चिठ्ठी. खाली सही म्हणून सोनीचा अंगठा, लाल. मी खोकं खिडकीपाशी ओढलं आणि एकेक खूर बाहेर काढायला लागले. उशाचे सगळे नितळ, तीन कडी, नख अटकत नव्हतं. मग पायथ्याचा पहिला काढला. दोन कडी, आणि लालाची कड थरथरत पिवळ्यात शिरलेली. दुसराही तसाच. तिसराही. मी खाली फरशीवर बसले. आता दोरी कोण ओढत असेल, कुणाला मदतीला घेतलं असेल, ते मला ठाऊक नाही. पण हत्यारापाशी पायथ्याच्या कामाला कोण बसत होतं ते त्या कडांवर लिहिल्यासारखं दिसत होतं. माणसानं साठाव्या वर्षी स्वतःच्या घरात शिकाऊची जागा घेतली होती.

कुठं गेलो, काय पाहिलं, हे सांगायला प्रवासवर्णन पुरतं. तिथून काय बिघडवून आलो आणि त्याचं पुढं काय झालं, हे बहुतेक वेळा कळतच नाही. मला ते खोक्यातून घरपोच मिळालं.

मालक मागून आले. त्यांनी एक पायथ्याचा खूर उचलला, उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली.

"कुमुदबाई, हे काम कच्चं आहे. हात शिकाऊचा दिसतोय."

"हो," मी म्हटलं, "नवीनच बसलाय पायथ्याला." आणि एकही खूर बाजूला न काढता सगळे सुताराकडं पाठवून दिले.